मुलांच्या मागे, सतरंजीवर

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेला भेट द्यायची म्हटलं की आपल्याकडे आधी निरोप जातो. मग दारात रांगोळी, स्वागतगीत, गुलाबपुष्प, मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा. तासभर निघून जातो आणि मुलं शिकतात कशी, हे बघायचंच राहतं. माझी कळकळीची विनंती आहे. नागपूर महापालिकेच्या शाळेत जा, नाहीतर काटोल-नरखेडकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, पण वर्गात मुलांच्या मागे सतरंजीवर बसा.

दुसरीच्या एका वर्गात मी असाच बसलो होतो. फळ्यावर गणित होतं, ४२ वजा १७. माझ्या पुढ्यातल्या मुलीने दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले चार गठ्ठे मांडले, शेजारी दोन सुट्या काड्या. दोनातून सात जाईनात. तिने बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते थांबणं मला फार मोलाचं वाटलं. थोड्या वेळाने पोरीने एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात बाजूला सारल्या, एक अख्खा गठ्ठा सारला आणि वहीत लिहिलं, २५. आपल्यातल्या कितीतरी जणांनी हातचा नुसता पाठ केला. तो येतो कुठून, हे तिने स्वतःच्या बोटांनी सोडवून पाहिलं.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधा हिशेब यावा, यासाठी जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. मुदत २०२६-२७ ची. चाचणीच्या गुणांवरून उत्तर आलं की नाही एवढंच कळतं. मूल कुठे अडलं, हे वर्गात बसल्याशिवाय दिसत नाही.

आणि पालकहो, तुम्ही तिथे पाहुणे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. आयांनो, त्या बैठकीत नुसती सही करून येऊ नका.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तान्हा पोळा झाला की वर्ग चांगले रुळलेले असतात, तेव्हा जा. मोबाईल खिशात ठेवा. एखाद्या मुलाला हळूच विचारा, "हे कसं काढलंस रे?" उत्तर चुकलं असलं तरी मध्ये बोलू नका, त्याचं सांगून होऊ द्या. जे दिसलं ते आधी बाईंशी, गुरुजींशी बोला आणि मग समितीच्या बैठकीत मांडा.

नमस्कार.