वैशाखातली रावेरखेडी

नमस्कार, श्रोतेहो.

इंदूरच्या माणसाला सहल म्हटलं की पावसाळाच आठवतो. दोन सरी पडायचा अवकाश, की अर्धं शहर पातालपाणी, चोरल, मांडूच्या वाटेला लागतं. रस्त्याच्या कडेला भुट्टे भाजणारे, गाड्यांची रांग, आणि धबधब्यापेक्षा माणसंच जास्त. एप्रिल-मेमध्ये मात्र इंदूरकर घरी कूलरसमोर बसतो, आणि रात्र झाली की सराफ्यातल्या खाऊगल्लीत जातो.

आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक बँकेत, एक डॉक्टर, एक शिक्षिका, आणि मी निवृत्त. चौघींची सवड जुळली ती नेमकी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. शिक्षिकेनं ठिकाणही ठरवून टाकलं, "रावेरखेडीला जाऊ, थोरल्या बाजीरावांच्या समाधीला. आयुष्यभर मुलांना शिकवलं, स्वतः एकदाही पाहिलं नाही." घरात सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. सासूबाईंनी तेवढं न बोलता प्रत्येकीच्या पर्समध्ये एकेक कांदा टाकला. "लू, ती उन्हाळी झळ, लागत नाही गं पोरींनो." डॉक्टरीणबाई हसल्या, पण कांदा काही त्यांनी काढून ठेवला नाही.

पहाटे पोहे-जिलेबी बांधून घेतली, वर जिरावण मसाल्याची पुडी. भंवरकुव्यावरून निघालो, सिमरोल मागे टाकलं आणि भेरूघाट सुरू झाला. या घाटाला मी लहानपणापासून पावसातच पाहत आलेय. तेव्हा सगळं हिरवंगार दिसतं खरं, पण त्या हिरव्याखाली डोंगर कसा आहे ते कळतच नाही. वैशाखात सागाला पान नसतं. दरीचा तळ, कोरडे ओढे, काळ्या खडकाचे थर, पायवाटा, पलीकडच्या उतारावरचं एखादं घर, सगळं उघडं पडलेलं. मोहाला नुकती फुटलेली तांबूस पालवी, आणि एका वळणावर पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा. बँकवालीनं गाडी थांबवली. पाच मिनिटं चौघी गप्प उभ्या. आमच्यात हे क्वचितच घडतं. आता या रस्त्यावर बोगद्यांचं काम चाललंय. वेळ वाचेल, ट्रकवाले सुखावतील; बहावा मात्र बोगद्यातून दिसायचा नाही.

घाट उतरलं की माळवा सरतो आणि निमाड लागतो. काच खाली केली की अंगावर भट्टीचा झोत यावा तशी हवा. बडवाह ओलांडलं, मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा आली. पुलावर प्रत्येकीचा हात आपोआप जोडला गेला, तोंडात "नर्मदे हर". पुढे सनावद, मग बेडिया. बेडियाची मिरची मंडी प्रसिद्ध. काचा बंद असूनही चौघींना शिंका. गहू केव्हाच निघालेला, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, काही शेतं जाळून काळी केलेली. दुपारी बाराला गाडीतल्या पडद्यावर बाहेरचं तापमान दिसत होतं ४३. ढाब्यावर गिऱ्हाईक आम्हीच. मालक खाटेवर झोपलेला, त्याला उठवायचा संकोच वाटला.

रावेरखेडीत नदीच्या काठी दगडी भिंतीच्या आत एक चौथरा आहे. तीच थोरल्या बाजीरावांची समाधी. आपल्या छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्या आठवा, केवढं ते कोरीवकाम! आणि ज्यांच्या हाताखाली मल्हारराव माळव्यात आले, ज्यांच्यामुळे तुम्ही-मी आज इंदुरात बसून मराठी बोलतोय, त्यांच्या वाट्याला हा साधा दगड. मला आधी राग आला. मग वाटलं, घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला असंच शोभतं. यावर आमच्यात मतभेद आहेत, ते परतीच्या वाटेवरही मिटले नाहीत.

२८ एप्रिल १७४०. वैशाख शुद्ध त्रयोदशी. वय अवघं ३९. त्याच वर्षी फेब्रुवारीत निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी मुंगी-शेवगावचा तह झाला, त्यात हंडिया आणि खरगोन हे मुलूख मिळाले. त्यांचीच व्यवस्था लावायला पेशवे इकडे आले आणि तापानं गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं. "ज्वराने निधन झाले." शाळेत मी ती ओळ पाठ केली होती, गुणही मिळवले होते.

त्या दुपारी भिंतीच्या सावलीत बसलो होतो. सोबत थर्मासात गार पन्हं, डोक्यावर ओले पंचे, पन्नास पावलांवर वातानुकूलित गाडी. तरी तासाभरात डोकं ठणकायला लागलं. डॉक्टरीणबाई माझी नाडी बघत सहज म्हणाल्या, "विचार कर, या हवेत तंबूत पडून अंगात ताप." पुढे कोणी काही बोललं नाही. समोर नर्मदा संथ वाहत होती, उन्हानं इतकी चकाकत होती की बघवत नव्हतं. वीस वर्षं पेशवाई, त्यातली बहुतेक खोगिरावर. पावसाळ्यात स्वाऱ्या थांबत, छावण्या पडत. दौडी चालायच्या त्या कोरड्या दिवसांत. म्हणजे आपण ज्या दिवसांत घराबाहेर पडत नाही, ते त्यांचे कामाचे दिवस. श्रावणात इथे आलो असतो तर छान फोटो निघाले असते, आणि ती ओळ आमच्यासाठी ओळच राहिली असती.

ऊन कलल्यावर एक परिक्रमावासी आजोबा आले. बोलण्यावरून साताऱ्याकडचे. पायांना फडकी बांधलेली. उरलेले पोहे त्यांना दिले, त्यांनी आम्हाला गूळ दिला. "एवढ्या उन्हात चालता, काका?" मी विचारलं. म्हणाले, "ऊन तुम्हाला गाडीतून उतरल्यावर लागतं. आम्हाला सवयीचं झालंय."

परतताना भेरूघाटाच्या चढावर ट्रकांची रांग लागली आणि आमच्या गाडीचं इंजिन तापलं. बॉनेट उघडून चौघी कठड्यावर बसलो. खाली निमाडात एकेक दिवा लागत होता. पानं नव्हती म्हणून दिसला, नाहीतर पावसाळ्यात याच जागेवरून धुक्याशिवाय काही दिसत नाही. मागच्या ट्रकचा क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन आला, "दीदी, अभी मत डालो, ठंडा होने दो," असं बजावून आमच्याच शेजारी बसला. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले.

सासूबाई जाग्याच होत्या. पर्स उघडून त्यांनी कांदा तपासला. सुकून गेला होता. "बघ, सगळी लू यानं ओढून घेतली," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चिरून पोह्यांत घातला.

नमस्कार.