बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी चावी फिरवावी, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणावेत, बॉनेटखालून नुसता टकटक आवाज यावा आणि सेल्फ लागू नये, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. एखाद्या वेळी असे झाले तर शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून किंवा चौघांनी धक्का मारून वेळ निभावते. पण आठ-पंधरा दिवसांत तेच पुन्हा घडले की बहुतेक लोक थेट दुकान गाठतात आणि नवी बॅटरी बसवून घेतात. तो खर्च करण्यापूर्वी आपली बॅटरी नेमकी कधी उतरते, याचा शांतपणे विचार करा, अशी माझी आजची विनंती आहे.

मोटार मेकॅनिकचे काम शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या काळात धडधाकट बॅटऱ्या भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते. प्रतापनगरातील माझ्या एका परिचितांनी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि तिसरीही दगा देऊ लागली होती. गाडी कधी बंद पडते, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "कधीही पडते." त्यांना तारखा आठवायला सांगितल्यावर मात्र लक्षात आले, की ती जवळजवळ दर वेळी सोमवारी सकाळी बंद पडत होती. सोमवार ते शनिवार गाडी हिंगण्याच्या एमआयडीसीला जाई आणि रविवारी घरीच उभी राहत असे. म्हणजे एक रात्र उभी राहिली तर गाडी सुरू होत होती, पण शनिवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंतचा मुक्काम तिला झेपत नव्हता. उभ्या गाडीतून कोणीतरी वीज पीत असल्याची ती स्पष्ट खूण होती.

त्या चोराकडे वळण्यापूर्वी बॅटरी स्वतः निर्दोष आहे की नाही, हे ठरवावे लागते. गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली बॅटरी रात्रभर विसावल्यानंतर मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह मोजण्याच्या छोट्या यंत्रावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ व्होल्ट दिसले तर ती साधारण अर्धी रिकामी आहे, आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास उतरलेली आहे. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर हा आकडा फसवा निघतो, कारण बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज तो थोडा वेळ चढवून ठेवतो. म्हणून मोजमाप सकाळी, गाडी सुरू करण्याआधी घ्यावे. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून, दोन्ही टर्मिनल सोडवून दोन दिवस तशीच ठेवली आणि व्होल्टेज टिकले, तर बॅटरीत धारणाशक्ती आहे असे समजावे. शेवटी सेल्फ मारतानाचे व्होल्टेजही पाहावे. ते साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. जिचे बूच उघडता येते अशा बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजण्याचे साधन, घालून प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता तपासता येते. पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली असेल, तर तो सेल गेलेला आहे आणि तेथे चार्जिंगने काही साधत नाही.

आपल्या नागपुरात बॅटरी खरोखरच लवकर थकते, हेही मान्य केले पाहिजे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. उष्णतेने आतले पाणी उडते, प्लेटांच्या जाळ्या गंजतात आणि आपोआप होणारी चार्जची गळती वाढते. मे महिन्यात झालेली ही हानी बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी उघडकीस येते, कारण थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते आणि बॅटरीची ताकदही घटते. तेव्हा लोक थंडीला दोष देतात. पाणी घालण्याची सोय असलेल्या बॅटरीत उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. एसीतून ठिबकणारे पाणी बाटलीत साठवून बॅटरीत घालण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ते पाणी नितळ दिसले तरी त्यात धूळ आणि धातूचे अंश असतात, म्हणून ते टाळावे.

पुढची तपासणी चार्जिंगची. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. काही नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, तेव्हा तेथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नये. ज्याला आपण सवयीने डायनॅमो म्हणतो, त्या अल्टरनेटरचा पट्टा ढिला असला किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढली असली तरी चार्ज नीट पोहोचत नाही. टर्मिनल सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि कोरडे करून घट्ट आवळावे. केवळ एवढ्यानेच प्रश्न मिटल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. गाडीचा रोजचा प्रवास धरमपेठेतून बर्डीपर्यंत आणि परत एवढाच असेल, त्यातही एसी, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून सिग्नलवर उभे राहणे असेल, तर एकदा अर्धी झालेली बॅटरी त्या दहा-पंधरा मिनिटांत भरून निघत नाही. अशा गाडीला काही दोष नसतो. तिला आठवड्यातून एकदा रामटेकपर्यंत नेऊन आणावे किंवा महिन्यातून एक रात्र चार्जरवर लावावे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून, गाडी बंद पडते की नाही यावरून डायनॅमो तपासण्याची रीत काही ठिकाणी अजूनही आहे. ती कृपया कोणालाही आपल्या गाडीवर करू देऊ नका. टर्मिनल सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि गाडीचा संगणक किंवा खुद्द अल्टरनेटर जळू शकतो. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर हेच काम कोणतीही जोखीम न घेता करतो.

आता परिचितांच्या गाडीकडे वळतो. तिची बॅटरी सोडवून ठेवली असता दोन दिवसांनीही १२.६ वरच होती, आणि चार्जिंग १४ व्होल्टच्या वर दिसत होते. म्हणून आम्ही गाडी बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या जोडणीवर लावला. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नसतो, नाहीतर मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. शिवाय गाडीतील यंत्रणा झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, तोपर्यंत दार उघडायचे नाही आणि रिमोटही दाबायचा नाही. सर्व शांत झाल्यावर पन्नास मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो, कारण घड्याळ आणि सेंट्रल लॉक यांना तेवढे लागते. या गाडीत सहाशे मिलिअँपिअर वाहत होते. शनिवारी सायंकाळी सहापासून सोमवारी सकाळी आठपर्यंत ३८ तास होतात. त्या काळात जवळजवळ २३ अँपिअर-अवर (अँपिअरमधला प्रवाह गुणिले तास) निघून जातात, आणि बॅटरी एकूण ३५ अँपिअर-अवरची होती. सोमवारचे कोडे तेथेच सुटले.

यानंतर एकेक फ्यूज काढून मीटर पाहायचा असतो. ज्या फ्यूजसरशी आकडा पडतो, त्या वाटेवर दोष असतो. बहुतेक वेळा तेथे बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा डिकीचा न विझणारा दिवा सापडतो. आम्ही सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलला नाही. तेव्हा, जानेवारीची गार सकाळ असल्यामुळे, मी अल्टरनेटरवर हात ठेवून पाहिला. इंजिन रात्रभर बंद असून तो कोमट लागला. अल्टरनेटर जी वीज तयार करतो ती उलटसुलट वाहणारी असते आणि तिला एका दिशेला वळवण्यासाठी त्यात डायोड बसवलेले असतात. त्यांतील एक डायोड झिरपू लागला तर बॅटरीची वीज रात्री उलट शिरते, आणि अल्टरनेटरची जाड तार त्या गाडीत फ्यूजपेटीला वगळून थेट बॅटरीकडे जात असल्याने फ्यूज काढून ती थांबत नाही. ती तार सोडवून टोकाला टेप गुंडाळताच मीटर वीस मिलिअँपिअरवर आला.

डायोडचा संच बदलून घेतल्यावर बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, कारण खोल उतरलेली बॅटरी केवळ गाडी फिरवून पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवस काढले तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. जोडताना पॉझिटिव्ह तार आधी आणि निगेटिव्ह शेवटी जोडली. जवळ बिडी-काडी पेटू दिली नाही, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पुढच्या रविवारी गाडी नेहमीसारखी अंगणात उभी राहिली. सोमवारी सकाळी आठ वाजता त्यांनी स्वतः मीटर लावला, फोनवर मला १२.६ हा आकडा वाचून दाखवला आणि मग चावी फिरवली.