तवा कुणी केला?

नमस्कार मंडळी. सकाळची कामं उरकली नसतील तरी हरकत नाही, हात चालू ठेवा आणि ऐका. आज मला बोलायचंय आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंबद्दल आणि त्या ज्यांच्या हातून होतात त्या माणसांबद्दल. सोलापुरात हा विषय काढला की सगळे एका आवाजात म्हणणार, चादर! बरोबर आहे. पण चादर आपल्या घराघरात आहे म्हणून तिच्यावर थोडंच बोलते.

आज रात्री पांघरायच्या आधी फक्त एक कोपरा उलटून बघा. वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्यावर लाल मोर दिसेल. ते छापलेलं नाही, विणलेलं आहे. मागावर जॅकार्ड असतं, त्याच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात, जिथं भोक तिथला धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो, आणि अशा कार्डांच्या लांबच्या लांब माळेतनं तो पिसारा उतरतो. ही युक्ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार नावाच्या माणसानं काढली, आणि आपल्या शहराच्या पूर्व भागात तेलंगणातनं आलेल्या पद्मशाली घरांनी ती पार सोलापूरची करून टाकली. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, सोलापुरी हे नाव इथल्याच चादरीचं. तरी बाहेर दुसरीकडं विणलेली चादर सोलापुरी म्हणून बिनधास्त विकतात, याचा मला मनापासून राग येतो. असो.

मला खरं सांगायचंय ते तव्याचं. भाकरीच्या तव्याचं.

आम्ही विजापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा सामान बांधण्याच्या गडबडीत सासूबाईंचा जुना लोखंडी तवा भंगारात गेला. मीच पोतं बांधून दिलं होतं, आत काय आहे ते बघितलं नाही. मग आणला नॉनस्टिक. आता ज्या बायका भाकरी करतात त्यांना पुढचं सांगायला नको. भाकरीला तवा सणसणीत तापलेला लागतो, आणि नॉनस्टिकचा जो लेप असतो तो २६० अंशांच्या पुढं गेला की खराब व्हायला लागतो, म्हणजे त्याला जपायचं तर आच कमी ठेवायची आणि आच कमी ठेवली की भाकरी वातड. मग दुकानातनं एक लोखंडी आणला, तो पत्र्यासारखा पातळ. पातळ तव्यावर ओली भाकरी पडली की तवा लगेच गार पडतो, आणि परत तापतो तो फक्त बर्नरच्या वर, मग मधे करपलेली आणि कडेला कच्ची. ज्वारी चांगली मंगळवेढ्याची, पीठ ताजं, उकळत्या पाण्यानं मळलेलं, सगळं बरोबर आणि भाकरी फुगायचं नाव नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आठवडाभर नुसता भात खाल्ला त्यांनी. मंडळी, ज्या बाईनं जन्मभर भाकरी खाल्ली तिनं आठवडाभर भात खाणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय.

त्या दिवसांत गड्ड्याची जत्रा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, नुकतीच उलगडत आली होती. मी अक्कलकोट रोडनं येत होते तर रस्त्याच्या कडेला एक घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांचं कुटुंब पाल ठोकून बसलेलं. गडी सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला, बायको उभी राहून घण घालतेय, पोरगं भात्याचा पंखा फिरवतंय. समोर खुरपी, विळ्या, उलथनी आणि चारपाच तवे मांडलेले. मी गाडी लावली, एक तवा उचलला, म्हटलं हा केवढ्याला?

ती बाई म्हणाली, "तो नको अक्का. तो हॉटेलवाल्याचा हाय."

म्हटलं मग दुसरा द्या. तर तिनं घण खाली ठेवला आणि मलाच विचारायला लागली. गॅस का चूल? घरात माणसं किती? ज्वारी का बाजरी? भाकरी कोण करतं, तुम्हीच का? मी म्हटलं मीच. तर म्हणाली, "हात बघू."

मला वाटलं भाजलंय का बघतेय. तिनं माझा हात धरला, शेजारच्या जाड पत्र्यावर पालथा ठेवला, बोटं ताणायला लावली, अंगठ्याच्या टोकाला एक खडूची रेघ आणि करंगळीच्या टोकाला एक रेघ. वीत. माझ्या हाताची वीत घेतली तिनं. आणि त्याच्यापुढं स्वतःची चार बोटं ठेवून तिसरी रेघ मारली. म्हणाली, "भाकरी तुमच्या हाताएवढी होणार, तवा भाकरीएवढा पायजे, आन् उलथनं घालायला चार बोटं जागा."

परत सांगते, एक वीत आणि चार बोटं. मी आजवर कितीतरी भांडी घेतली, माझा हात कुणी बघितला नव्हता.

दीड तास मी तिथंच एका दगडावर बसले. पत्रा छिन्नीनं गोल तोडला, भट्टीत घातला, लाल झाला की ऐरणीवर मधनं कडेकडं ठोकत आणायचा, काळा पडला की परत भट्टीत. ती घण घालायची आणि तो नुसता हातोड्यानं टक् करून जागा दाखवायचा, तिचा घण बरोबर तिथंच पडायचा. एकही शब्द नाही दोघांत. शेवटी तवा गार केला, सपाट फरशीवर ठेवला, डगमगतो का बघितला, आणि मग त्यानं तांब्यातलं चमचाभर पाणी तव्याच्या मधोमध ओतलं. पाणी घसरलं एका कडेला. तवा परत भट्टीत. चार ठोके. परत पाणी. थोडंसं घसरलं. मला तर काही फरक दिसत नव्हता, मी म्हटलं दादा चालेल आता, द्या. त्यांनी मान हलवली, परत तापवला, परत दोनच ठोके. तिसऱ्यांदा पाणी ओतलं ते रुपयाएवढं गोल होऊन मधोमध थांबलं. जरासुद्धा हललं नाही. तेव्हा कुठं त्यांनी कडी बसवली.

साडेतीनशे रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका, अशा कामाला करू नका. आणि एक राहूनच जातं सांगायचं, लग्नात रुखवतात आपण हल्ली थर्माकोलचे बंगले आणि मोत्याच्या विहिरी मांडतो, त्यापेक्षा एक असा तवा आणि एक चांगली विळी मांडा की, पोरीला तीस वर्षं पुरेल.

निघताना बाईनं सांगितलं, राखेनं घासा, तेल लावून अर्ध्या कांद्यानं चोळा, बारीक आचेवर तापवा, साबण लावायचा नाही, आणि पहिल्या दोन भाकरी गायीला. तसंच झालं. पहिली चिकटली, दुसरी अर्धी निघाली. तिसरी टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली, कडेनं जरा दाबली आणि अशी टम्म फुगली की वाफेनं माझी बोटं भाजली. सासूबाई आतनं उठून आल्या. भाकरीकडं बघितलं नाही, तव्याकडं बघितलं. बोटाच्या पेरानं कडेला टकटक केलं, आवाज ऐकला, आणि विचारलं, "कुणी केला गं?"

कुठनं आणला नाही, केवढ्याला नाही. कुणी केला. आणि मंडळी, मला नाव माहीत नव्हतं. दीड तास समोर बसून मी त्या दोघांना नाव विचारलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन गेले आणि विचारून आले. इथं सांगत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही. पण तुमच्या घरातला माठ, झाडू, पाटावरवंटा, चप्पल, ज्याची करणारी माणसं अजून आपल्या गावात बसतात, त्यांना एवढं तरी विचारत जा. नाव काय. कोणतं लोखंड, कुठली माती. विळीचं पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं असतं आणि त्याला पाणी कसं पाजतात, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक कसं करतात, ते मला अशा विचारण्यातनंच कळलं.

पुढच्या वर्षी ते लोक आले नाहीत, मी दोनतीनदा चक्कर मारली. त्याच्या पुढच्या संक्रांतीला परत त्याच जागी पाल दिसलं. मी विळी करून घ्यायला गेले. बाईनं मला चेहऱ्यावरनं ओळखलं नाही. गिऱ्हाईक म्हणून विचारलं, काय पायजे? मी हात पुढं केला, म्हटलं तुम्ही याची वीत घेतली होती. तिनं हात उलटासुलटा करून बघितला आणि पहिला प्रश्न केला, "साबण लावला का तव्याला?"

म्हटलं, नाही.

"बसा मग," म्हणाली आणि पोराला भाता फिरवायला सांगितलं.