ओपनरला शायनरच, जळू नंतर

नमस्कार मंडळी! शनिवार जवळ आलाय. कुठला शनिवार हे मिनेसोटात मुरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण जे या हिवाळ्यात पुण्या-नाशकाहून नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगतो, मे अखेरच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या वीकेंडच्या दोन आठवडे आधीचा शनिवार म्हणजे वॉलआयचा ओपनर, म्हणजे वॉलआय या माशाच्या मासेमारीचा पहिला दिवस. फेब्रुवारीच्या शेवटी सीझन बंद होतो, एप्रिलमध्ये बर्फ गेला की मासे अंडी घालतात, तेवढी उसंत त्यांना द्यायची आणि मग शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला उघडायचा. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यात घालतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त इथं नारळाऐवजी डोनट असतात आणि मे महिना असून अंगावर जानेवारीचं जॅकेट असतं.

तर आजचा विषय, ओपनरला गळाला काय लावायचं. मला दरवर्षी निदान पाचसात फोन येतात, दादा कुठला लूर, म्हणजे नकली मासा, घेऊ, कुठला रंग घेऊ. मी उलट विचारतो, पाणी किती डिग्री आहे? समोर शांतता. अहो सगळं तिथंच ठरतं! पन्नास फॅरनहाइटच्या आतबाहेर पाणी असलं की छोटा मासा लावायचा, म्हणजे मिनो. साठीकडे सरकलं की जळू. साठीच्या वर गेलं की गांडूळ. एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानातले निम्मे पैसे वाचतात. आणि ओपनरला पाणी गारच असतं. २०१३ साली तर उत्तरेतल्या मोठ्या तलावांवर ओपनरच्या दिवशी बर्फच होता, लोक बोटी घेऊन गेले आणि काठावर बसून सँडविच खाऊन परत आले.

म्हणून माझं पहिलं, आणि खरं सांगायचं तर दुसरं आणि तिसरंसुद्धा उत्तर, जिग आणि शायनर. शायनर म्हणजे चंदेरी चकचकीत मिनो. जिग म्हणजे डोक्याला शिशाचा थेंब ओतलेला गळ, बस. एक अष्टमांश औंसाचा घ्या, म्हणजे साडेतीन ग्रॅम, पाणी उथळ आणि वारा कमी असेल तर त्याच्याही निम्म्याचा. गळाची दांडी आखूड हवी. रंगावर लोक मारामारी करतात, मी पिवळट हिरवा, नारिंगी आणि गुलाबी असे तीन ठेवतो आणि गढूळ पाण्यात भडक, स्वच्छ पाण्यात फिका, यापलीकडे डोकं लावत नाही. दोरी सहा पाउंडाची साधी मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची. जाड दोरीला हलका जिग बांधला की तो पाण्यात सरळ खाली जातच नाही, वाऱ्यावरच्या पतंगासारखा तिरका तरंगतो.

शायनर लावायची पण एक पद्धत आहे, नीट ऐका. बोटांत हळू धरायचा, गळाचं टोक तोंडातून आत घालून कल्ल्यातून बाहेर काढायचं, मग मासा अर्धा फिरवायचा आणि टोक पोटाखालून वर पाठीत काढायचं, म्हणजे जिगचं डोकं त्याच्या तोंडाला चिकटतं आणि मासा दांडीवर सरळ बसतो. वाकडा बसला तर पाण्यात गरगर फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि वॉलआय ढुंकून बघत नाही. घाईत असाल तर दोन्ही ओठांतून टोचा, चालतं, जास्त वेळ जिवंतही राहतो, पण चलाख मासा मागून शेपटी खाऊन जातो. खाली सोडला की तळाला टक् लागू द्यायचा, मग सहा इंच वर, थांबायचं, परत खाली. उचलायचं हळू आणि सोडायचं त्याहून हळू, कारण गार पाण्यात तो मासा आळशी असतो, त्याच्या तोंडापाशी नेऊन ठेवावं लागतं, जावयाला वाढतात तसं. आणि चावा पण असा काही जोरदार नसतो बरं का. बऱ्याचदा टक् असं काही जाणवतच नाही, उचलायला जावं तर दोरीला कुणी ओलं फडकं अडकवल्यासारखं जड लागतं. ते फडकं म्हणजेच वॉलआय. मनगटाने उचला.

आता माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. इथं येऊन दुसरंच वर्ष होतं. शुक्रवारी संध्याकाळी झकासपैकी चार डझन शायनर आणले, आणि रात्री बादलीतलं पाणी जरा मळकट वाटलं म्हणून मी आपला सोज्वळपणे ते ओतून किचनच्या नळाचं ताजं पाणी भरलं. सकाळी साडेतीनला बघतो तर चारही डझन पोट वर करून तरंगतायत, चांदीची वर्खं टाकल्यासारखी. क्लोरिन! ज्या पाण्यात आपला वरणभात होतो त्या पाण्यात शायनर जगत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेलेला शायनर अगदीच फुकट जातो असं नाही, जिगवर मेलेलाही चालतो कधी कधी, पण त्या दिवशी नाही चालला. तेव्हापासून मी नळाचं पाणी आदल्या दिवशी जगमध्ये उघडं भरून ठेवायचो, ते पण प्रत्येक गावच्या पाण्याला पुरत नाही, म्हणून आता सरळ क्लोरिन मारायचे थेंब घालतो, फिश टँकवाल्यांकडे मिळतात ते. बादली गार जागी, बॅटरीवरचा एक छोटा एअर पंप सोडून द्यायचा, आणि गर्दी करायची नाही. हे पाणी तयार ठेवायचं आणखी एक कारण, तलावातून निघताना बादलीतलं तलावाचं पाणी तिथंच ओतून टाकायचा कायदा आहे, झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले वगैरे इकडून तिकडे जाऊ नयेत म्हणून, मग उरलेले मासे घरी न्यायचे तर दुसरं पाणी गाडीत हवंच.

बरं, जिग कुठं टाकायचा? अंडी नुकतीच घालून झालेली असतात त्यामुळे मासे फार लांब गेलेले नसतात. ओढा तलावाला मिळतो ते तोंड, गोट्यांचा उथळ किनारा, सहा ते बारा फूट पाणी. आणि वारा ज्या काठावर येऊन आपटतो तो काठ. नवीन माणूस नेमका शांत, आडोशाचा, फोटो काढण्यासारखा कोपरा शोधतो, तिथं काही नसतं. वॉलआयच्या डोळ्याच्या मागे मांजरासारखा चकाकणारा थर असतो, टॉर्च मारला की दिसतो, त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसतं, म्हणून लाटांनी उजेड मोडला, पाणी ढवळलं, की तो बिनधास्त उथळात येऊन बारक्या माशांना कोंडीत पकडतो. इथले लोक त्या लाटांना वॉलआय चॉप म्हणतात. पोटात ढवळेल एवढ्या लाटा नकोत, बोटीत चहा सांडेल एवढ्या हव्यात.

दुसरी रिग, म्हणजे गळ-शिशाची जोडणी, लिंडी. ब्रेनर्डच्या लिंडनर बंधूंनी, रॉन आणि अॅल, साठच्या दशकाच्या शेवटी ती घरोघर पोचवली. बुटाच्या आकाराचं शिसं दोरीवर मोकळं सरकतं, खाली स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, पुढे तीन ते सहा फुटांची बारीक दोरी आणि टोकाला साधा गळ. सगळी करामत त्या सरकत्या शिशात आहे. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून सुळकन पळते, त्याला वजन लागतच नाही. तुम्ही रीलचा बेल, म्हणजे दोरी अडवणारी तार, उघडा ठेवून दोरी बोटावर धरलेली असते, ओढ लागली की बोट सोडायचं, दहा आकडे मोजायचे, ढील गुंडाळायची आणि लांब हात करून ओढायचं. मी लहानपणी कराडला कृष्णेच्या काठावर मामाबरोबर कणकेची गोळी लावून बसायचो, तेव्हा मामा हेच म्हणायचा, खाऊ दे त्याला, लगेच हिसडा मारू नको. मामाला लिंडी ठाऊक नव्हती, रीलही नव्हतं, बोटाला गुंडाळलेली दोरी होती.

आता जळू. आपल्याला जळू म्हटलं की वैद्याची नाहीतर पावसाळी ट्रेकमध्ये मोज्यात शिरलेली आठवते. दुकानात मिळते ती रिबन लीच, ती आपलं रक्त पीत नाही, निर्धास्त हात घाला. चोषक असतो त्या जाड टोकाला एकदाच टोचायचं, मग ती पाण्यात लांब होऊन रेशमी फितीसारखी वळवळते. पण हे गरम पाण्यात! पन्नाशीच्या खालच्या पाण्यात ती स्वतःचा गोळा करून बसते, मग दिवसभर तुम्ही बेदाणा लावून बसल्यासारखे. म्हणून म्हटलं जळू नंतर. घ्यायची तर पाव पाउंड घेऊन ठेवा, गार पाणी बदलत राहिलं तर फ्रीजमध्ये कित्येक दिवस टिकते, फक्त डब्यावर नाव लिहा. आमच्याकडे एकदा ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती आणि सासूबाई भारतातून आलेल्या होत्या. पुढचं सांगत नाही.

संध्याकाळी मात्र वातावरण तापलेलं असेल, पाणी पंचावन्नच्या पुढं गेलं असेल, तर जळू आणि स्लिप बॉबर, म्हणजे दोरीवर सरकणारा तरंगता गोळा, यासारखी मजा नाही. दोरीवर एक गाठ, एक मणी, त्याखाली सरकता बॉबर, मग शिशाचा छर्रा आणि गळ. गाठ कुठं मारली त्यावर खोली ठरते, जळू तळापासून फूटभर वर राहिली पाहिजे. खडकाळ उंचवट्यावर टाकून बसायचं. घरातल्या पोरांना हेच द्या, बॉबर डुबकन गेला की ती किंचाळतात तेवढ्यानेच गाडीच्या पेट्रोलचे पैसे वसूल.

गांडुळाबद्दल फार बोलत नाही, ते जूनचं काम. एकच, उरलेली गांडुळं जंगलात सोडू नका. इथल्या मातीत मुळात गांडूळ नव्हतंच, हिमयुगातल्या बर्फानंतरचं हे जंगल गांडुळांशिवाय वाढलं, ती सोडली की जमिनीवरचा पाचोळ्याचा थर खाऊन फस्त करतात. आपल्याला शाळेत शेतकऱ्याचा मित्र शिकवलेला असतो त्यामुळे पटत नाही, पण डबा कचऱ्यातच टाकायचा. आणि रात्री काठावरून टाकायचं असेल तर लांबट तरंगता लूर, फिनलंडच्या लाउरी रापालांनी १९३६ मध्ये पहिला बनवला तसा, हळू गुंडाळायचा, थांबायचं, हळू गुंडाळायचा. बस.

नियमांचं थोडक्यात. उघड्या, म्हणजे बर्फ नसलेल्या, पाण्यात एका माणसाला एकच दोरी, दोन काठ्या लावून बसू नका. मिल लॅक्स, लीच लेक अशा मोठ्या तलावांवर किती मासे ठेवायचे आणि किती इंचांचे, याचे नियम वेगळे असतात, बोट सोडायच्या आधी डीएनआरची, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची, पुस्तिका नाहीतर ॲप बघा, मोजपट्टी बरोबर ठेवा. ओपनर बहुतेक मदर्स डेच्या वीकेंडलाच येतो, त्यावरून आपल्या घराघरात काय होतं ते मला माहितीये, माझ्याकडेही होतं. तर त्या शनिवार-रविवारी मिनेसोटात राहणाऱ्या आयांना लायसनशिवाय मासेमारी करता येते, तेव्हा बायकोला बरोबर न्या की! आमच्या हिने तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा जिग टाकला आणि माझ्या आधी एकोणीस इंची काढला, तो फोटो अजून फ्रीजवर आहे, जळवांच्या डब्याच्या बरोबर समोर.

आणि हो, शायनर आणायला शुक्रवारी दुपारीच जा. संध्याकाळी सहाला गेलात की टाकीत फक्त फॅटहेड नावाचे दुसरे मिनो उरलेले असतात आणि दुकानदार खांदे उडवतो. चला, मी पण निघतो, मला क्लोरिनचे थेंब संपलेत ते आणायचेत. नमस्कार!