पदुमला जायचं कुठून?

नकाशा मागच्या रांगेतून दिसतोय ना? बरं. वर उजवीकडे लेह आहे. त्यावर बोट ठेवा आणि नैर्ऋत्येकडे सरका. सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर हे पदुम, लदाखातल्या झांस्कर खोऱ्याचं मुख्य गाव. आता हेच अंतर परवापरवापर्यंत गाडीने कसं कापावं लागायचं ते बघा. लेहहून आधी पश्चिमेला कारगिलपर्यंत जायचं, ते दोनशे किलोमीटरहून जास्त. तिथून सुरू नदीच्या काठाने दक्षिणेला वळायचं, ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी-लावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. हे परत जवळजवळ तेवढंच. म्हणजे शंभराच्या जागी साडेचारशे किलोमीटर, आणि तेही उन्हाळ्यातच. नोव्हेंबरात बर्फ पडलं की पेन्सी-ला बंद, तो मे उजाडेपर्यंत. ('ला' म्हणजेच खिंड, तेव्हा 'पेन्सी-ला खिंड' असं म्हणू नका. मी पहिली काही वर्षं तसंच म्हणत होतो.)

संयोजकांनी निमंत्रणावर 'एका दुर्गम प्रदेशाची ओळख' असं छापलंय. त्यांची माफी मागून मी आज त्या 'दुर्गम' शब्दाशीच भांडणार आहे. आपल्याकडे दुर्ग आणि दुर्गम एकाच मुळातले. दुर्ग मुद्दाम बांधतात, शत्रूला येता येऊ नये म्हणून. आतल्या माणसाला तो दुर्गम नसतो, त्याला चोरदरवाजा ठाऊक असतो. झांस्करला असे चोरदरवाजे बरेच होते. आपण त्यातला एक मोठा केला आणि बाकीचे विसरलो, असं माझं म्हणणं आहे.

आधी जागा समजून घेऊ. दक्षिणेला हिमालयाची मुख्य रांग, उत्तरेला आणि पूर्वेला झांस्कर रांग, आणि मध्ये अडकलेलं हे खोरं. पश्चिमेकडून येणारी स्तोद नदी, तिला दोदा असंही म्हणतात, आणि आग्नेयेकडून येणारी लुंगनाक उर्फ त्सारप पदुमजवळ मिळतात आणि झांस्कर नदी होते. ती पुढे खोल घळीतून झांस्कर रांग चिरत निम्मूला सिंधूला भेटते. हे दगड एके काळी समुद्राचा तळ होते. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडायच्या आधी मध्ये टेथिस समुद्र होता, त्याचा गाळ आता पाच हजार मीटरवर घड्या पडून उभा आहे. घळीतून जाताना डोक्यावर चुनखडीच्या अशा वळ्या दिसतात की कुणीतरी गोधडी लोटून दिल्यासारखं वाटतं. पाऊस जवळजवळ नाही, मोसमी ढग मुख्य रांगेपलीकडेच रिकामे होतात. पदुम साडेतीन हजार मीटरच्या वर. २०११ च्या जनगणनेत सगळ्या झांस्करात माणसं होती सुमारे १४ हजार. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या वसाहतीत याहून जास्त असतील.

आता वाटा बघा. दक्षिणेला शिंकू-ला ओलांडला की हिमाचलातलं लाहौल. नैर्ऋत्येला उमासी-ला, पाच हजार मीटरच्या वर, हिमनदीवरून जाणारा, आणि पलीकडे पाडर आणि किश्तवाड. काश्मिरी नीलमाचं नाव ऐकलं असेल तुम्ही. १८८० च्या सुमारास सापडलेली ती सुमजामची खाण याच वाटेच्या पायथ्याशी आहे. पूर्वेला रुपशूचं पठार, तिथे मेंढपाळ चांगपा. पश्चिमेला पेन्सी-ला. आणि उत्तरेला लेहकडे प्रत्यक्ष नदी, तिच्याकडे नंतर येतो.

या वाटांवरून मीठ फिरायचं. चांगपा रुपशूच्या खाऱ्या सरोवरांचं मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून आणायचे. झांस्करी त्यांना जव द्यायचे. मग तेच मीठ दक्षिणेच्या खिंडींपलीकडे जायचं आणि तिकडून तांदूळ, लाकूड यायचं, जे झांस्करात होतच नाही. थोडक्यात, झांस्करी माणूस मधला व्यापारी होता. चारी बाजूंना डोंगर म्हणून तो कोंडलेला, असं आपल्याला वाटतं. त्याच्या लेखी चारी बाजूंना खिंडी होत्या, म्हणजे चार बाजारपेठा. नाणेघाटात जकात घेणाऱ्याला जुन्नर दुर्गम वाटलं असेल का?

राजकारणही त्याच वाटांनी चाललं. दहाव्या शतकात पश्चिम तिबेटचा राजा क्यीदे न्यिमागोन याचं राज्य तीन मुलांत वाटलं गेलं. थोरल्याला लदाख, मधल्याला गुगे-पुरांग, आणि धाकट्या देत्सुकगोनला झांस्कर आणि स्पिती. आजच्या नकाशावर बघा. झांस्कर लदाखात आणि स्पिती हिमाचलात. गाडीने एकातून दुसऱ्यात जायचं तर मोठा वळसा पडतो. त्या राजाला मात्र हा एकच सलग तुकडा वाटला होता. पुढे झांस्करात पदुम आणि झांगला अशी दोन छोटी राजघराणी झाली, लदाखच्या छत्राखाली. १८३४ मध्ये जम्मूच्या डोगरा राजा गुलाबसिंगाचा सरदार जोरावरसिंग लदाखवर चालून आला, तो किश्तवाडहून. त्या मोहिमांत झांस्करही डोगऱ्यांकडे गेलं. जोरावरसिंग १८४१ च्या डिसेंबरात तिबेटच्या थंडीत लढताना मारला गेला. पण झांस्कर जम्मूच्या राज्यात राहिलं ते राहिलंच.

जोरावरसिंगाच्या अकरा वर्षं आधी झांगलाला एक वेगळाच पाहुणा येऊन गेला होता. शांदोर कोरोशी चोमा, ट्रान्सिल्व्हेनियातला हंगेरियन. हंगेरियन लोकांचं मूळ मध्य आशियात कुठेतरी सापडेल म्हणून १८१९ मध्ये हा घरून निघाला, बहुतेक पायीच. वाटेत स्कंदर बेग असं नाव घेऊन फिरत होता. १८२२ मध्ये द्रासजवळ त्याला विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी भेटला आणि त्याने याला तिबेटी भाषेकडे वळवलं. १८२३ च्या जूनमध्ये चोमा झांगलाला पोचला आणि सांग्ये फुन्त्सोग नावाच्या विद्वान लामाजवळ शिकायला बसला. जेमतेम नऊ फूट लांब-रुंद खोली. चोमा, लामा आणि एक नोकर. हिवाळाभर विस्तव नाही. मेंढीच्या कातड्यात गुरफटून पोथी वाचायची, आणि पान उलटायला हात बाहेर काढायची पाळी आली की कुरकुर. पुढे फुकतालच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, आणि मग किन्नौरमधल्या कानमला त्याने हेच काम चालू ठेवलं. १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण कलकत्त्यात छापलं गेलं. युरोपातल्या तिबेटविद्येचा पाया तो. हंगेरियनांचं मूळ त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. १८४२ मध्ये ल्हासाच्या वाटेवर दार्जिलिंगला तो तापाने गेला.

मला यात एवढंच दाखवायचंय की ज्याला तिबेटी शिकायचं होतं त्याला झांगला आडबाजूला वाटलं नाही. गुरू तिथेच होता.

आता ती नदी. जानेवारी-फेब्रुवारीत झांस्कर नदी गोठते. सगळी नाही, वरचा थर गोठतो आणि खाली पाणी वाहत राहतं. याला चादर म्हणतात. आता ती पर्यटकांची झाली आहे, लाल-पिवळी जाकिटं घालून रांगेने चालतात. मूळ ती लोण्याची वाट. झांस्करचं लोणी लेहमध्ये नावाजलेलं. उन्हाळ्यात बायका आणि मुलं जनावरं घेऊन वरच्या डोक्सावर, म्हणजे चराईच्या वस्तीवर राहायची आणि झोमोच्या दुधाचं लोणी साठवायची. झोमो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातली मादी. ते लोणी कातड्यात शिवून, पाठीला बांधून पुरुष हिवाळ्यात चादरीवरून लेहला न्यायचे. रात्री कपारीत मुक्काम, वाहून आलेल्या लाकडांची शेकोटी. उणे पंचवीस-तीस अंश. लोणी खराब व्हायची तेवढी एक काळजी नाही!

त्यांचं चालणं बघण्यासारखं असतं. पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे. हातातली काठी पुढे आपटायची आणि आवाज ऐकायचा. भरीव आवाज आला की पाऊल, पोकळ आला की थांबायचं. मी ते शिकायचा प्रयत्न केला. मला सगळे आवाज सारखेच ऐकू यायचे. माझ्या पुढे चालणारे आजोबा चार-पाचदा नुसते मागे वळून माझ्याकडे बघत राहिले, बोलले काही नाहीत.

म्हणजे उन्हाळ्यात जी घळ ओलांडता येत नाही ती हिवाळ्यात हमरस्ता. आपण म्हणतो, हिवाळ्यात झांस्करचा संपर्क तुटतो. ते मोटारीच्या दृष्टीने.

गावात गेलं की मात्र अंतरापेक्षा ऋतूचं गणित जास्त कडक. पीक एकच, जव, आणि थोडे वाटाणे. जव भाजून दळायचे, म्हणजे आपलं सातूचं पीठच, आणि ते मीठ-लोणी घातलेल्या गुरगुर चहात कालवून खायचं. पण पेरणीला उशीर झाला तर कणसं पिकायच्या आधी थंडी परत येते. शेतावर तर एप्रिलमध्येही बर्फ. मग हे लोक काय करतात? आदल्या शरदात माती आणून साठवून ठेवतात, गोठू नये म्हणून आडोशाला. वसंतात ती बर्फावर फेकतात. काळी माती ऊन पिते, पांढरं बर्फ ऊन परतवतं, हे आपण शाळेत शिकलो. इथे त्याने पेरणी काही दिवस अलीकडे येते, आणि त्या काही दिवसांवर वर्षाचं अन्न असतं. शेतीतली इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

जमीन वाढत नाही, कारण पाणी वाढत नाही. म्हणून वाटण्या टाळायच्या. थोरल्या मुलाचं लग्न झालं, तो कर्ता झाला, की आईवडील मोठं घर, खांगचेन, सोडून शेजारच्या छोट्या घरात, खांगचुंगमध्ये जातात. धाकटे भाऊ गोम्पात जायचे किंवा थोरल्याच्याच बायकोचे नवरे म्हणून घरात राहायचे. इथे सभागृहात नेहमी हशा पिकतो, पिकू द्या. पण एका पिढीत एकच चूल आणि शेताचे तुकडे नाहीत, हा त्याचा हिशेब होता. १९४१ मध्ये जम्मू-काश्मीर संस्थानाने कायद्याने ही प्रथा बंद केली. खेड्यांतून ती त्यानंतरही हळूहळूच गेली.

मग रस्ता आला. १९७४ मध्ये लदाख पर्यटकांना खुलं झालं आणि १९८० च्या सुमारास कारगिलहून मोटाररस्ता पेन्सी-ला ओलांडून पदुमला पोचला. १९७९ मध्ये कारगिल जिल्हा झाला, झांस्कर त्यात. रस्ता तिथून, म्हणून कचेरीही तिथे. दाखल्यापासून खटल्यापर्यंत तोंड कारगिलकडे. पूर्वी ज्याला पाच दिशा होत्या त्याला एक उरली, आणि ती वर्षातून पाच-सहा महिने बंद. कारखान्यातलं मीठ दुकानात आलं, मेंढ्यांच्या पाठीवरचं थांबलं. उमासी-लावर आता गिर्यारोहक भेटतात. मोटाररस्ता हीच दिशा मानली की झांस्कर दुर्गम ठरतं. ते दुर्गम झालं ते रस्ता आल्यावर, असं मी म्हणतो तेव्हा लोक चिडतात.

मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, मग रस्ता नको का? हवा ना. जानेवारीत बाळंतीण अडली तर हेलिकॉप्टरची वाट बघत बसायचं हे कुणाच्याही वाट्याला नको. शहरातल्या माणसाने तिथल्या चिखलवाटांचं कौतुक करणं मला जमत नाही. शिवाय आता परत दोन दिशा उघडतायत. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता २०२४ च्या मार्चमध्ये जोडला गेला. तो निम्मूपासून त्याच घळीतून, चादरीच्या डोक्यावरून येतो आणि पुढे शिंकू-लाने लाहौलला उतरतो. शिंकू-लाखालून सुमारे चार किलोमीटरचा बोगदा होतोय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झांस्कर स्वतंत्र जिल्हा करण्याची घोषणा झाली. लोण्याची वाट आणि मिठाची वाट, दोन्हींवर आता डांबर.

फक्त रस्ते जोडले की सगळं जोडलं असं होत नाही. २०१४ च्या शेवटी फुकतालजवळ डोंगर कोसळून नदी अडली, मागे कित्येक किलोमीटरचं तळं साठलं. ७ मे २०१५ ला ते फुटलं आणि पूल वाहून गेले. लोक वेळीच हलवले होते म्हणून वाचले. आणि दुसरी गोष्ट संथ आहे. कुमिक. झांस्करातल्या सर्वांत जुन्या गावांपैकी एक म्हणतात. तिथल्या ओढ्यामागे मोठी हिमनदी नाही, वरच्या उतारावर साठलेलं बर्फ वितळून येईल तेवढंच पाणी. ते बर्फ कमी होत गेलं, आणि पीक उभं असताना ओढा आटायला लागला. पाळीपाळीने पाणी वाटून घ्यायची गावाची जुनी रीत होती, पण वाटायलाच काही उरेना. शेवटी गावाने ठरवलं की खाली मार्थांगच्या माळावर हलायचं. लुंगनाकचं पाणी आणायला लोकांनीच कालवा खणला. काही घरं खाली गेली, काही कुटुंबं अजून वरच आहेत.

ही शेवटची स्लाइड. कुमिकच्या वरच्या उतारावरून घेतलीय. खाली माळावर ते नवे हिरवे चौकोन, पलीकडे नदी, आणि ती बारीक करडी रेघ आहे ना, तो रस्ता. मी उभा आहे तिथे ओढ्याचं पात्र आहे. ऑगस्टचा पहिला आठवडा. बूट कोरडे आहेत. दिवे लावा, आता विचारा काय विचारायचंय ते.