साबणाचं वेष्टन उलटून वाचा

वडी चांगली की बाटलीतला साबण, असं मला लोक सारखे विचारतात. साबण घट्ट आहे की पातळ, याचा त्वचेवर फारसा परिणाम होत नाही. त्यात मळ काढणारा पदार्थ कोणता आहे आणि आपल्याकडे पाणी कसं येतं, यावर सगळं ठरतं.

निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. सामू, म्हणजे वेष्टनावर ज्याला पीएच लिहितात तो, साधारण ५ च्या आसपास. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनलेला खरा साबण अल्कधर्मी, सामू ९ ते १०. मळाबरोबर तो त्वचेतला स्निग्धांशही थोडा काढून नेतो, आणि अंगातला ओलावा धरून ठेवणारा तोच असतो. धडधाकट माणसाची त्वचा काही तासांत सावरते. म्हाताऱ्या माणसांची, तान्ह्या बाळांची, इसब असलेल्यांची तेवढ्या लवकर सावरत नाही. मग पोटऱ्या पांढुरक्या दिसतात, अंग ओढल्यासारखं वाटतं, रात्री खाज सुटते.

म्हणून दुकानात वेष्टन उलटून वाचा. 'टॉयलेट सोप' असेल तर शेजारी ग्रेड आणि टीएफएम लिहिलेला असतो. टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण मेदाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकांप्रमाणे ग्रेड १ ला तो किमान ७६ टक्के लागतो, ग्रेड २ ला ७०, ग्रेड ३ ला ६०. 'बेदिंग बार' असं लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालतो. टीएफएम जास्त तितकी वडी त्वचेला सौम्य, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ७६ टक्क्यांच्या वडीत भरताड कमी असतं, पैसे वसूल होतात. पण तीही साबणच, सामू ९-१० च.

त्वचेचे डॉक्टर लिहून देतात ती 'सिंडेट' वडी, म्हणजे साबणाऐवजी मळ काढणाऱ्या कृत्रिम द्रव्यांची वडी, वेगळी. तिच्यात सोडियम कोकॉइल आयसेथायोनेटसारखं सौम्य द्रव्य मुख्य असतं आणि सामू साधारण ५.५ ते ७. तिच्यात मेदाम्लं कमी, म्हणून तिच्यावरही 'बेदिंग बार' छापलेलं असू शकतं. म्हणजे स्वस्त भरताडाची वडी आणि सगळ्यात सौम्य वडी एकाच नावाखाली! घटकांची यादी वाचल्याशिवाय फरक कळत नाही, आणि ती यादी बहुधा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्या आजींना तिची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती वाचता येत नाही. हे मला मनापासून खटकतं. घरातल्या नातवंडांनी ती वाचून दाखवावी.

बॉडीवॉश बहुतेक वेळा साबण नसतंच. त्याचा सामू त्वचेच्या जवळ ठेवता येतो, हा मोठा फायदा. पण त्यात पाणी असल्यामुळे ते टिकवायला परिरक्षकं घालावी लागतात. त्यांतल्या मिथिलआयसोथायाझोलिनोनची कित्येकांना ॲलर्जी होते. सुगंधाचीही होते. बॉडीवॉश लावून पुरळ उठत असेल तर आधी हे दोन पाहा.

वडीवर जंतू राहतात म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वड्यांना मुद्दाम जंतू लावून १६ जणांना त्यांनी हात धुवायला सांगितलं. धुतल्यावर कुणाच्याच हातावर ते जंतू सापडले नाहीत. वडी साबणदाणीत पाणी निथळेल अशी ठेवा, एवढं पुरे.

आता पाणी. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरा साका बनतो. बादलीच्या कडेला चिकटतो तोच अंगावरही राहतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण चोळतो आणि त्वचा आणखी कोरडी होते. सिंडेट किंवा बॉडीवॉशचा असा साका होत नाही. तेव्हा जड पाणी असलेल्या घरात कुणाला इसब असेल, तर चार पैसे जास्त घालावेत ते इथे.

ज्यांना ते परवडत नाही त्यांनी नेहमीचीच वडी वापरावी, पण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरतीच. बाकी अंगाला रोज साबण लागत नाही. पाणी कोमट घ्या, कडकडीत नको. आणि पंचाने अंग टिपलं की ते ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा हात फिरवा.