ओढ्यातला पाचोळा कोण नेतं?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ॲपलाचियन डोंगरांत, वनखात्याची कोवीटा नावाची प्रयोगशाळा आहे. १९८० साली ब्रूस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका ओढ्यात मुद्दाम कीटकनाशक सोडलं. ओढा इतका लहान, की एका ढांगेत ओलांडावा. आज असल्या प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये, पण त्यातून जे कळलं ते दुसऱ्या कुठल्या मार्गानं इतकं स्वच्छ कळलं नसतं.

औषध पडताच पाण्यातले किडे भराभर सुटून वाहत गेले. पाणी, पानं, बुरशी, जिवाणू मागे उरले. आता तुम्हीच सांगा, पाचोळा जर पाणीच नेत असेल, तर किडे गेल्यानं काय फरक पडावा? पण पडला. पाचोळा कुजण्याचा वेग मंदावला, पानं जागच्या जागी साचत गेली. पुढे शेजारच्या ओढ्यात हाच प्रयोग काही वर्षं चालला. तिथे खाली वाहून जाणारा बारीक चुरा पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाला.

याचं कारण असं, की डोंगरातल्या ओढ्यात पडलेलं पान फार लांब जातच नाही. चार-दोन हात गेलं की दगडाला आडवं चिकटतं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. असा पानांचा थर बसला की साधा प्रवाह त्याला हलवू शकत नाही. तो हलायचा तर आधी त्याचा भुगा व्हायला हवा.

भुगा करण्याची सुरुवात बुरशीपासून होते. पहिल्या एक-दोन दिवसांत पानातला विरघळणारा अंश पाण्यात उतरतो. मग त्यावर पाण्यातल्या खास बुरशा चढतात. इंग्लंडमध्ये सी. टी. इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये यांची नीट ओळख करून दिली. ओढ्याच्या फेसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा, त्यांचे चार हातांचे बीजाणू दिसतील. वाहत्या पाण्यात कुठेतरी अडकायला चार हात बरे पडतात! बुरशीनं पान मऊ होतं आणि पौष्टिकही होतं. केनेथ कमिन्स या शास्त्रज्ञानं याला फार मजेदार उपमा दिली होती: पान म्हणजे कोरडं बिस्किट, आणि बुरशी म्हणजे त्यावरचं शेंगदाण्याचं लोणी. किड्यांचा डोळा लोण्यावर.

हे किडे म्हणजे स्टोनफ्लायची पिल्लं, क्रेनफ्लायच्या जाडजूड अळ्या आणि कॅडिसफ्लायच्या अळ्या. कॅडिसची अळी तोंडातून रेशीम काढते, त्यानं पानांचे तुकडे किंवा वाळूचे कण जोडून नळी बनवते आणि ती अंगावर घालूनच हिंडते. थरातलं एखादं पान उचलून उजेडात धरलंत, तर शिरांची जाळी तेवढी शाबूत आणि मधला गर साफ, असं दिसेल. ही त्यांची जेवणं. खाल्ल्यातला थोडाच भाग अंगी लागतो, बाकी बारीक लेंड्या होऊन बाहेर पडतो. खाली जाणाऱ्या चुऱ्यात मोठा वाटा या लेंड्यांचा असतो. त्यावर खालच्या टप्प्यातले गाळून खाणारे जगतात.

त्यांत ब्लॅकफ्लायच्या अळ्या आघाडीवर. रेशमाची गादी दगडावर चिकटवायची, शेपटाकडच्या आकड्यांनी ती घट्ट धरायची आणि डोक्यावरचे दोन पंखे प्रवाहात उघडून चुरा गाळायचा. त्यांना मिळतो तो माल इतका बारीक असतो, की त्यांच्या लेंड्या त्याहून मोठ्या निघतात. म्हणजे वरच्यांनी फोडलेलं या पुन्हा बांधतात, आणि ते तळाला बसतं. स्वीडनच्या विंडेल नदीत भर हंगामात अशा लेंड्यांचं वजन दिवसाला शेकडो टनांत जातं. नदीचं अर्थशास्त्र लेंड्यांवर चालतं असं म्हटलं, तर हसू नका.

आता एक अडचण. सगळंच खाली वाहतं, किडेसुद्धा. मग वरचा ओढा रिकामा कसा होत नाही? कार्ल म्युलर यांनी १९५४ मध्ये उत्तर सुचवलं, की पंख फुटलेल्या माद्या वरच्या दिशेनं उडत जातात आणि तिथे अंडी घालतात. अलास्कातल्या कुपारुक नदीवर किड्यांच्या अंगात जड नायट्रोजनची खूण उतरवून हे तपासलं गेलं. तिथल्या मेफ्लाय नावाच्या किड्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मे, दीड किलोमीटरहून जास्त वर गेलेले सापडले. काही किडे काठावरच्या जंगलात शिरतात. जपानच्या होक्काइदोमध्ये शिगेरू नाकानो यांनी मोजलं, की काठच्या पक्ष्यांच्या वर्षभराच्या गरजेपैकी सुमारे चौथा हिस्सा ओढ्यातून आलेले किडे भागवतात. त्यातही झाडांवर पानं नसतात त्या दिवसांत जास्त.

कोवीटाकडे परत येतो. १९९३ पासून वॉलेस यांनी उलटा प्रयोग केला: किडे ठेवले, पानं बंद केली. ओढ्यावर जाळी ताणली, कडेनंही अडवलं. पानं खाणारे घटले, हे ठीक. पण त्यांना खाणारे शिकारी किडेही घटले. शेवाळानं झाकलेल्या खडकांवर मात्र फारसा बदल नव्हता. तिथल्यांचं पाचोळ्यावाचून अडत नव्हतं.

हे सगळं थंड प्रदेशातलं. सह्याद्रीत पंचांगच वेगळं. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा बरेच ओढे आटलेले किंवा डोहांपुरते उरलेले. पाचोळा कोरड्या पात्रात पडून राहतो, वाळवी त्यातला वाटा उचलते, आणि जूनचा पहिला लोंढा उरलेलं एका रात्रीत ढकलतो. शिवाय कोमट पाण्यात बुरशी-जिवाणूंचा वेग वाढतो, किड्यांचा वाटा कमी होतो, असं २०११ मध्ये अनेक देशांतल्या ओढ्यांची तुलना करून लुझ बोयेरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आपल्या ओढ्यांत कुजकी पानं खाणारे खेकडेही आहेत. तेव्हा कोवीटाचे आकडे इथे जसेच्या तसे चिकटवू नयेत, असं माझं मत आहे.

एक चिठ्ठी आली आहे: 'गावच्या ओढ्याचं खोलीकरण झालं, पाणी वाढलं, मग यात वाईट काय?' पाणी वाढलं हे चांगलंच. पण अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकला बिल्बी आणि लाइकन्स या शास्त्रज्ञांनी १७५ मीटर पात्रातले ओंडक्या-फांद्यांचे बांध तेवढे काढले. बारीक चुऱ्यातून बाहेर जाणारा कार्बन, म्हणजे ओढ्यातल्या किड्यांचं अन्नच, ६३२ टक्क्यांनी वाढला. जेसीबी पात्र सरळ करतो तेव्हा दगड, मुळं, ओंडके सगळंच उचलतो, आणि पान अडकायला जागा राहत नाही. खालचा नाला खोल करायचा असेल तर करा. वरच्या, झाडीतल्या ओहोळात मशीन घालू नका. आडवं पडलेलं झाड वाट अडवत नसेल, तर तेही तिथेच राहू द्या.